चारशे अकरा जणांचं गुपित

माझी ताई फरशीच्या कारखान्यात नऊ वर्षं पॅकिंगला आहे. फोर्कलिफ्टच्या परीक्षेत ती पहिली आली आणि गाडी मिळाली चौथ्या आलेल्याला. गोदामाचा सुपरवायझर, ज्याला सगळे भोंगा म्हणतात, एवढंच म्हणाला, "बायकांच्या हातात मशीन टिकत नाही." ताईने लेखी तक्रार केली.

त्याच कारखान्यात मी कर्मचारी विभागात कारकून. आमच्या मॅडमनी तक्रार वाचली, दार लावलं, पडदाही ओढला.

"हे अत्यंत गोपनीय आहे. ज्याला कळेल त्याने हमीपत्रावर सही करायची."

मी केली. पण काय गुप्त ठेवायचं हे न सांगता सही घेणं नियमात बसेना, म्हणून हमीपत्राच्या डोक्यावर तक्रारीचा सारांश टाकला.

तिथून गुप्ततेने वेग घेतला. झेरॉक्सवाल्याने प्रती काढताना वाचलं, त्याची सही घेतली. त्याच्या खांद्यावरून शिपायाने वाचलं, त्याचीही घेतली. मग लोक आपणहून येऊ लागले. "माझ्या कानावर आलंय, सही राहिलीय." भट्टीवाले पाळी संपवून रांगेत उभे राहिले. एकजण रजेवरून परत आला तो फुगूनच बसला, आपल्याला परकं समजतात म्हणून. भिंतीला कान असतात म्हणतात. हात असते तर आम्ही तिचीही सही घेतली असती. भोंग्याने सारांश दोनदा वाचला आणि आपलं वाक्य नीट उतरवल्याबद्दल माझे आभार मानले.

दोन आठवड्यांत चारशे अकरा सह्या झाल्या. कामावर माणसं चारशे बारा.

घरी ताई विचारायची, "माझ्या तक्रारीचं काय झालं रे?"

"कुठली तक्रार?"

"अरे, सख्खी बहीण आहे तुझी," आई म्हणायची.

"आई, तुझी सही नाहीये. तू यात पडू नकोस."

शेवटी ताई मॅडमसमोर जाऊन उभी राहिली. मॅडमनी यादीवरून बोट फिरवलं.

"तुमचं नाव नाही यात. तुम्हाला हे प्रकरण कळलं कुठून?"

"तक्रार मीच केलीय."

"फुटलीच शेवटी बातमी," मॅडम माझ्याकडे बघत म्हणाल्या आणि त्यांनी हमीपत्र पुढे सरकवलं.

ताईने ते शांतपणे वाचलं आणि परत दिलं. "म्हणजे अख्ख्या कारखान्यात बोलायची मोकळीक फक्त मला आहे."

जेवणाच्या सुट्टीत ती बाकावर चढली. गुण, नंबर, भोंग्याचं वाक्य, सगळं सांगितलं. चारशे अकरा माणसं पहिल्यांदाच ऐकल्यासारखी बसून राहिली; हमीपत्रात तसं कलम होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मालक एका मोठ्या गिऱ्हाइकाला कारखाना दाखवत तिथून चालले होते. गिऱ्हाईक म्हणजे एक वयस्कर बाई. त्या थांबून ऐकत राहिल्या.

"मग मिळाली का हिला गाडी?"

मालकांनी सोबतच्या मॅडमकडे पाहिलं.

"ते गोपनीय आहे," मॅडम म्हणाल्या.

"आजच द्या," मालक म्हणाले.

मॅडम धावत ताईकडे आल्या. "आता तरी सही करा."

"आधी किल्ली."

किल्ली भोंग्यालाच आणावी लागली. ताईने फरशांचा पहिला ढीग उचलला आणि ट्रकमध्ये अलगद ठेवला. भोंग्याने तोंड उघडलं.

"काही म्हणायचंय?" ताईने वरून विचारलं.

"छे हो," तो म्हणाला, "मला तर यातलं काही माहीतच नाही."