विहिणीच्या ओट्यावरचं प्लास्टिक

लेक माहेरी आली की बेकरीवालीला दोन गोष्टी हमखास कळायच्या. जावई बरा आहे, आणि विहीणबाई फार चांगल्या आहेत. पहिलीनं तिला समाधान वाटायचं, दुसरी मात्र घशात अडकायची.

तसं विहीणबाईंना नाव ठेवायला जागा नव्हती, आणि हीच खरी पंचाईत होती. दातांच्या दवाखान्यांना कवळ्या बनवून देण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. बेकरीवालीचा नवरा थट्टेनं म्हणायचा, की ही पाव भाजते आणि विहीणबाई तो चावायला दात देतात, म्हणजे आपल्याला म्हातारपणाची काळजी नाही. यावर तो एकटाच हसायचा. माझा पाव खायला दात लागतच नाहीत, असं ती मनातल्या मनात म्हणायची.

लेक रोपवाटिकेत कामाला होती. तिथे रोपं काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत वाढायची. गिऱ्हाईक रोप लावायचं, पिशवी फाडून भिरकावायचं, आणि त्या चिंध्या कुंपणाला अडकून वर्षानुवर्षं फडफडत राहायच्या. ते बघून बघून लेकीच्या डोक्यात किडा शिरला. पिशवीच अशी करायची, की रोपासकट मातीत पुरली तरी कुजून जावी. म्हणून कॉर्नफ्लॉवर, पाणी, थोडं व्हिनेगर आणि थोडं ग्लिसरीन शिजवून त्याचं घरगुती प्लास्टिक करायचा तिनं नाद घेतला होता. एका जेवणाच्या वेळी हे सगळं ती रंगून सांगत होती. आज आम्ही दोघींनी आच मंद ठेवली, काल आमचा दोघींचा सगळा घाणा फसला, असं चाललं होतं.

"कुठल्या दोघी?" बेकरीवालीनं विचारलं.

"मी आणि आई." आईसमोर बसून लेक हे बोलली, आणि मग तिच्या लक्षात आलं. "म्हणजे सासूबाई."

त्या दिवशी बेकरीवालीला घास गोड लागला नाही. पोटची पोर कधी तिच्या ओट्याशी तासभर टिकली नव्हती. शाळा, मैत्रिणी, पुस्तकं, काही ना काही निमित्त असायचंच. आणि आता तीच पोर सासूच्या शेजारी उभी राहून खळ ढवळत होती. तीही कुणाच्या शेजारी, तर जिला धड वरण-भाताचा कुकर लावता येत नाही तिच्या. पीठ, पाणी आणि आच! यात कवळ्या करणाऱ्या बाईला काय कळतंय?

दुसऱ्या दिवशी बेकरीत जाताना तिनं औषधाच्या दुकानातून ग्लिसरीनची बाटली आणली आणि कुणाला न सांगता कामाला लागली.

पहिला घाणा गुठळ्यांनी गेला. दुसरा लवकर वाळावा म्हणून तिनं भट्टीत सरकवला, तर त्याला तळ्याच्या कोरड्या तळासारख्या भेगा पडल्या. मग चिडून ग्लिसरीनचा हात सैल सोडला, तर चकतीला असा चिकटा आला की तिच्यावर माशी बसली ती बसलीच. जाड थर दिला त्याला बुरशी धरली. नवऱ्यानं एकदा मिठाई समजून एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि साखर राहिली का म्हणून विचारलं. तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की उरलेला तुकडा त्यानं निमूटपणे परत ठेवला.

पण ती हट्टाला पेटली होती. शेवटी ट्रे उलटा करून त्याच्या पाठीवर तिनं पातळ थर ओतला, सुरीच्या पात्यानं सारखा केला आणि पंख्याखाली सावलीत वाळू दिला. तो सुटून हातात आला तेव्हा तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. काचेसारखा स्वच्छ. टेबलावर ठेवला तर खालच्या कापडाची वीण न् वीण दिसत होती. लेकीला फोन करावा, असं आधी मनात आलं. मग वाटलं, छे, हे विहीणबाईंच्या देखतच दाखवायचं.

स्वच्छ पंच्यात गुंडाळून ती तो तुकडा घेऊन गेली. विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात शिरताच तिच्या पायाला काहीतरी चिकटलं. दोरीवर चिमट्यांनी पट्ट्या लटकत होत्या, कुठली पिवळी, कुठली आक्रसलेली. करपलेलं पातेलं मोरीत भिजत होतं. खिडकीत फसलेले तुकडे ओळीनं मांडून ठेवले होते, जणू बक्षिसंच मिळाली होती त्यांना. आणि या सगळ्या पसाऱ्यात लेक बाह्या सरसावून उभी होती. गालावर खळ वाळलेली, आणि चेहरा असा खुललेला की बेकरीवालीच्या काळजात चर्र झालं.

"आई, तो डबा दे गं," मागे न बघताच लेक म्हणाली, आणि दोघींचे हात एकदमच पुढे झाले. डबा विहीणबाईंच्या जवळ होता. त्यांनी दिला.

बेकरीवालीनं पंचा उलगडला. लेकीनं तो तुकडा उजेडात धरला आणि बघतच राहिली. इतका पातळ आम्हाला एकदाही जमला नाही, असं विहीणबाई मोकळेपणानं म्हणाल्या. बेकरीवालीची छाती फुगली. पीठ-पाण्यात माझा जन्म गेलाय, दातांचं काम वेगळं, असा एक टोला तिनं हाणून घेतला. विहीणबाई नुसत्या हसल्या आणि म्हणाल्या, की पिशवी करून ओली माती भरून बघूया का?

लेकीनं त्याची पुडी वळली, कडा खळीनं चिकटवल्या आणि माती भरली. बोलता बोलता पिशवी मऊ पडली, तळ लोंबला, आणि सगळा चिखल बदकन टेबलावर पडला. लेकीला हसू आवरेना. आमच्याही अश्शाच फुटतात, ती हसता हसता म्हणाली. बेकरीवालीला त्यातला 'आमच्या' तेवढा ऐकू आला.

"हसा, दोघी मिळून हसा," ती म्हणाली.

विहीणबाई फडकं आणायला म्हणून आत गेल्या, त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

"माझ्या ओट्याशी कधी उभी राहिली नाहीस," बेकरीवाली म्हणाली. आवाज चढवायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, पण तो फाटला. "इथे मात्र दिवस दिवस उभी असतेस."

लेक हातानंच चिखल गोळा करत होती. "तू उभं राहू दिलंस का? मी पीठ मळायला घेतलं की परात ओढून घ्यायचीस. म्हणायचीस, सोड, वाया घालवशील."

"गेलंच असतं वाया."

"हो. इथे रोज जातं."

एवढंच. लेकीच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त झोंबलं. घरी येताना बेकरीवालीनं सगळी वाट स्वतःची बाजू मांडली. पीठ महाग होतं, भट्टी तापलेली असायची, गिऱ्हाईक दारात उभं असायचं. सगळं खरं होतं. तरी दार उघडताना तिला ती छोटी बोटं आठवली. पिठानं माखलेली, आणि परात गेल्यावर तशीच अधांतरी राहिलेली.

काही दिवस तिनं तळमळीत काढले. मग फोन करून म्हणाली, की माझ्याकडे मोठे ट्रे आहेत, हवं तर इथे येऊन कर. लेक लगेच आली. बेकरीवाली हात कमरेमागे बांधून भिंतीशी उभी राहिली. समोर लेक आच मोठी ठेवत होती, चमचा चुकीच्या दिशेनं फिरवत होती, डोळ्यांदेखत गुठळ्या होत होत्या. ती ओठ घट्ट मिटून बघत राहिली. घाणा वाया गेला. लेकीनं दुसरा लावला. तिसऱ्याला तिनं आपण होऊन विचारलं, "आई, तू तो थर सारखा कसा केलास?" तेव्हा कुठे बेकरीवालीनं हात सोडले, आणि सुरी लेकीच्या हातात देऊन कशी धरायची ते दाखवलं.

मग लेकीनं पिशवीतून मधमाशीच्या मेणाचा गोळा काढला. आतून मेणाचा हात फिरवला तर पाणी लवकर शिरणार नाही, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. कवळ्यांचे साचे करताना मेण त्यांच्या रोज हाताखाली असायचं. बेकरीवालीला वाटलं, इथेही आल्याच का या! पण तिनं मेण भट्टीच्या उबेला ठेवून मऊ केलं आणि मुकाट्यानं लावायला घेतलं. पिशव्या टिकल्या.

पुढे दोन्ही घरांतून पिशव्या जाऊ लागल्या. रोपवाटिकेच्या मालकानं एक वाफा त्यांच्यासाठी मोकळा करून दिला. रोपं वीतभर झाली तेव्हा लेकीनं दोघींना बघायला बोलावलं. काही पिशव्या फुटल्या होत्या, काहींना बुरशी आली होती, पण बऱ्याचशा उभ्या होत्या, आणि त्यांतून पांढरी मुळं बाहेर डोकावत होती. लेक मालकाला काहीतरी समजावत पुढे गेली.

बेकरीवाली ओणवी होऊन एकेक पिशवी निरखत होती. आपला पातळ थर कुठे दिसतो का, फुटलेल्या कुणाच्या. मातीनं सगळ्या सारख्याच मळल्या होत्या.

"नका शोधू," शेजारी उकिडव्या बसलेल्या विहीणबाई हळूच म्हणाल्या. "मी मघाशी विचारलं तिला, यातल्या आपल्या घरच्या कुठल्या म्हणून. म्हणाली, वेगळ्या ठेवल्याच नाहीत."

बेकरीवालीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. विहीणबाईंच्या गुडघ्यांना माती लागली होती. म्हणजे त्याही बराच वेळ रांगत होत्या.

"तुम्हीसुद्धा?"

"तिच्या फोनवर तुमच्या त्या काचेसारख्या तुकड्याचा फोटो आहे," विहीणबाई म्हणाल्या. "येईल त्याला दाखवते. माझ्या एकाही तुकड्याचा नाही."

बेकरीवालीला एकदम फार बरं वाटलं. इतकं की तिचं तिलाच लाजल्यासारखं झालं. तिनं हात पुढे केला. विहीणबाई तो धरून उठल्या, आणि दोघी गुडघे झटकत लेकीच्या मागे चालू लागल्या. तिच्या शेजारी आधी कोण पोचतं, याकडे दोघींचंही लक्ष होतं.