डोमाजी मुकादमाची खुर्ची

साधनाच्या शास्त्राचं नाव लांबलचक होतं, पण भरवेलीत ती ते सोपं करून सांगे. माणसानं यंत्रापुढे वाकायचं नाही, यंत्रच माणसाला बेतायचं. नागपुरात शिकून, मुंबईच्या एका संस्थेत संशोधक होऊन ती अडुसष्टच्या हिवाळ्यात आपल्याच गावच्या मँगनीज खाणीवर आली होती. तिथं बाया फिरत्या पट्ट्यापुढे दिवसभर वाकून उभ्या राहत आणि मालातून निकामी दगड वेचून काढत. त्यांत तिची माय विमलाबाईही होती. मायची कंबर आताशा संध्याकाळी सरळ व्हायला कुरकुरत असे. साधना कुणाला बोलली नव्हती, पण हे शास्त्र ती त्या कंबरेसाठीच शिकली होती.

तिनं टेप घेऊन एकेकीला मोजलं. बायांनी त्यातही मजा करून घेतली.

"पोलकं शिवून देऊन राह्यली का वं?" शेवंताबाईनं विचारलं आणि पट्ट्यावर हशा पिकला.

मग साधनानं चैतराम सुताराकडून स्टुलं करवून घेतली. त्यावर बसलं की कोपर पट्ट्याच्या उंचीला येई, पाय नीट टेकत. काम इतकं फक्कड जमलं की साधना स्वतःवरच खूश झाली.

आणि एकही बाई बसली नाही.

"बसा ना वं," म्हटलं की "हौ, बसतो ना," म्हणत आणि उभ्याच राहत. स्टुलांवर भाकरीच्या शिदोऱ्या मात्र ऐसपैस बसल्या होत्या. मायला विचारलं तर ती म्हणाली, "सगळ्या उभ्या अन् मी एकटीच बसू का?"

खाणीचे साहेब हसून गेले. "शनिवार तक कोई नहीं बैठा, तो सब स्टूल क्लब में भेज दूँगा. ताश खेलने के काम आएँगे."

साधनाचं जेवणावरचं मन उडालं. तिनं स्टुलांची उंची पुन्हा तपासली, फळी हलते का तेही पाहिलं. चूक सापडेना. चूक निघाली असती तर तिला बरंच वाटलं असतं.

ती सापडली घरी. वहिनी कमला खाटेवर बसून तांदूळ निवडत होती. शेजारी साधना पाय वर घेऊन रेललेली. बाबा अंगणातून आत आले, तशी कमला चटकन उठली, पदर सावरून कोपऱ्यात उभी राहिली. साधना तशीच लोळत राहिली. जन्मभर तिनं हे पाहिलं होतं, पण तिच्या ते कधी डोक्यात शिरलं नव्हतं. ती पडली घरची लेक. लेकीला सासऱ्यासमोर उठायची सवय कुठून असणार?

पट्ट्यावरच्या झाडून साऱ्या बाया गावच्या सुना होत्या. आणि त्यांच्यापुढून काठी टेकत येरझारा घालणारा डोमाजी मुकादम नात्यानं, वयानं सगळ्यांचा सासरा. तो उभा आणि आपण बसलेल्या, हे कसं व्हावं? मुंबईच्या पुस्तकात कोपराची उंची होती, सासऱ्याची नव्हती. साधना एकटीच इतकी हसली की कमलाला वाटलं, हिला काही झालं की काय.

शनिवारी सकाळी चैतरामनं पट्ट्याच्या टोकाला एक उंचच उंच खुर्ची आणून ठेवली, चढायला पायऱ्यांसकट.

"मी बसू?" डोमाजीच्या मिशा थरथरल्या. "जिंदगीभर उभा राह्यलो मी. मुकादम बसला तं काम कोन पाहीन?"

"वरून जास्त दिसते, काका. धानाचा राखणदार मचाणावर काहून बसते?"

"मले म्हातारा समजून राह्यली का तू?"

आता आडवळणानं बोलण्यात अर्थ नव्हता. "काका, तुम्ही उभे राहता, तवर ह्या बसत नाहीत. माही मायबी नाही."

डोमाजीनं पट्ट्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती उभी रांग म्हणजे आपला धाक, असं तो समजत आला होता. तो जरासा ओशाळला.

"आधी सांगाचं ना मंग, पोरी," असं म्हणून तो काठी सांभाळत वर चढला.

शेवंताबाईनं मान वर करून पाहिलं. "मामंजी वर हायेत. आता काही हरकत नाही," म्हणाली, पदर सारखा केला आणि बसली. मग दुसरी, मग सगळी रांग. विमलाबाई शेवटी बसली. तिची पाठ सरळ झाली, हात पट्ट्यावर चालू लागले. साधनाला रडू आवरेना, म्हणून ती उगाच टेप गुंडाळत राहिली.

"पोरी," वरून डोमाजी ओरडला, "सगळ्यायले मोजलं, मलेच नाही मोजलं. माहे पाय लोंबकळून राह्यले."

पट्टा चालू होता, तरी हसण्याचा आवाज साहेबांच्या कचेरीपर्यंत गेला. चैतराम पायाखाली ठोकायला फळी शोधू लागला.

संध्याकाळी मायलेकी घरी निघाल्या. साधनाचं लग्न किरनापूरला ठरलं होतं. उन्हाळ्यात तीही कुणाची तरी सून होणार होती.

"चैतरामले आणखी एक उंच खुर्ची सांगून ठेव," विमलाबाई म्हणाली.

"कोनासाठी?"

"तुह्या सासऱ्यासाठी. तुले बसाची लय सवय हाये."

एवढं बोलून ती झपझप पुढे निघाली. कंबरेवर हात ठेवायचं तिला त्या दिवशी सुचलंच नाही.