माडीवरची पंधरा मिनिटं

डबीचं झाकण उघडंच होतं – आवळ्याएवढी चांदीची डबी, एरवी अव्वाच्या गळ्यात घट्ट मिटलेली. आत आता पूजेचं लिंग नव्हतं, नुसता ओलसर उजेड होता... रेवणप्पा बघत राहिला आणि त्याच्या मनात आलं, रिकामेपण हीसुद्धा एक वस्तूच म्हणायची का? – लगेच त्याला स्वतःची लाज वाटली. आई सकाळपासून पाण्याच्या घोटाशिवाय भिंतीला टेकून बसलीय, आणि हा शहाणा तत्त्वज्ञान करतोय!

पहाटे सिद्धेश्वराच्या तळ्यावर आंघोळ करताना झाकण निसटलं आणि लिंग पाण्यात गेलं. शेजारच्या नागव्वानंच तिला हाताला धरून घरी आणलं. रेवणप्पानं तासभर कमरेएवढ्या पाण्यात चाचपलं; गाळाशिवाय काही हाती लागलं नाही. गळ्यातलं लिंग गेलं की स्वामी नवं देईपर्यंत अन्नपाणी वर्ज्य, ही अव्वाची रीत. आणि स्वामी गेलेले मैंदर्गीला, परवा येणार. ती हिवतापातून उठून आठ दिवसही झाले नव्हते. पोट रिकामं ठेवू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"दूध तरी घे की, अव्वा."

"लिंग न्हाय गळ्यात, अन् दूध कसं घिऊ?" ती म्हणाली. रागानं नव्हे, बाहेर ऊन पडलंय म्हणावं, तशी.

रेवणप्पा हायस्कुलात मास्तर. आज सुट्टीचा दिवस, आणि पाच वाजता वाचनालयात त्याचं व्याख्यान – तत्त्वज्ञानाची तोंडओळख. कागद तयार होते. जे आहे ते मुळात काय आहे, हे सत्ताशास्त्र विचारतं. जे कळतं ते कशावरून कळतं, हे ज्ञानमीमांसा. विचार नीट कसा करावा ते तर्कशास्त्र, आणि नीट कसं वागावं ते नीतिशास्त्र. मग ते जुने ग्रीक. सगळं मुळात पाणी, असं थेलीझ म्हणाला. त्याच्या मागून कुणी म्हणालं हवा, तर हेराक्लायटस म्हणाला अग्नी, सगळं सारखं बदलतंय. आणि पार्मेनिडीझ म्हणाला, बदल असा नसतोच... किती आवडती होती ही माणसं त्याला! पुण्याला कॉलेजात त्यांच्या नादी लागूनच तर त्यानं स्वतःचं लिंग गळ्यातून काढलं होतं. तेव्हापासून, बारा वर्षं, ते ट्रंकेच्या तळाशी एका मोज्यात पडून होतं.

अव्वाला हे ठाऊक नव्हतं. रोज सकाळी तो माडीवर जाऊन दार लावून घ्यायचा. लेकाची पूजा चाललीय म्हणून खाली ती आवाज न करता भाकरी थापायची, आणि वर हा पंधरा मिनिटं ग्रीकांचं पुस्तक वाचायचा. मग, लिंगपूजेशिवाय घास नाही ही घरची रीत पाळल्यासारखा, उतरून जेवायला बसायचा. सांगून टाकायला काय हरकत होती? तिला दुःख झालं असतं. नाही, खरं सांगायचं तर मला भीती वाटायची... ती 'का' म्हणून विचारेल याची? पण त्याचं उत्तर तर मी रोज मनात घोटत होतो!

दुपारी त्यानं मोजा उघडला. पुन्हा शोधून येतो, असं सांगून तो तळ्याकडे गेला आणि पायरीवर बसला, आपलं लिंग मुठीत घेऊन. काळंच तेही, तेवढंच. दगड तो दगड. थेलीझला विचारलं तर तिचंही पाणी आणि माझंही पाणी. ती जेवली म्हणजे झालं. तर्क कसा बिनतोड होता! नीतिशास्त्राची तेवढी त्यानं आठवण काढली नाही. लिंग तळ्यात बुडवून ओलं केलं आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन तो घरी आला.

"अव्वा, सापडलं."

"सापडलं? माझ्या शिवा!" तिनं ते डाव्या तळहातावर घेतलं, डोळ्यांना लावलं. मोतीबिंदूचे डोळे, त्यांची त्याला धास्ती नव्हती. तिचा अंगठा लिंगावरून फिरला... आणि थांबला.

"हे माजं न्हाय."

"तुझंच की गं."

"तुजं हाय हे. पाळण्यात हुतास, तवा सामींनी तुज्या गळ्यात बांदलं. आट वर्सं तुज्या वाटणीची पूजा मीच केली की. मला वळखू यीना व्हय?" तिनं ते मुठीत मिटून घेतलं. "कवा काडलंस?"

"बारा वर्षं झाली."

"मंग माडीवर काय करत हुतास?"

"वाचत होतो."

तिनं मान हलवली. मग तांब्या ओढला, लिंगावर पाणी घातलं, भस्माची बोटं ओढली, बेलाचं पान ठेवलं. तान्ह्या मुलाच्या वतीनं करावी तशी सावकाश पूजा केली. उठली, ताटात भाकरी आणि शेंगाचटणी वाढून त्याच्यापुढे ठेवली.

"जेव आता."

"आणि तू?"

"माजं परवा, सामी आल्यावर."

रेवणप्पा ताटावर बसला. चिडली असती, रडली असती, तर बरं झालं असतं – बारा वर्षांची उत्तरं तोंडपाठ होती, एकाहून एक पक्की. पण 'का' म्हणून तिनं विचारलंच नाही. त्याच्या मनात भलतंच आलं : मी देवावाचून जगतोय असं म्हणत होतो, आणि रोजची भाकरी तर हिच्या विश्वासावर खात होतो... पाचाला लोक जमतील. प्रश्न विचारायला शिका, असं मी त्यांना सांगेन. त्यानं घास मोडला आणि हातातच धरून ठेवला. एकदा, एकदाच तरी तिनं 'का' म्हणावं म्हणून तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला. आणि अव्वानं कोरड्या ओठांवरून जीभ फिरवून पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.