तिसरी टकटक

सुपडीतला उंदीर सुनेने मागच्या अंगणातल्या मऊ मातीत पुरला, सुपडी नळाखाली धुतली आणि ओले हात पदराला पुसत ती कामाच्या टेबलापाशी परतली. साडेसहाला पाच मिनिटं कमी होती. ठकी उंबऱ्यावर बसून पंजा चाटत होती. या साऱ्या प्रकरणाशी आपला काडीचा संबंध नाही, असा तिचा चेहरा होता.

सुनेने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं. एरवी दोन शब्द सुनावले असते. पण सहा ते सात हा तास तिच्या मौनाचा होता. दोन वर्षं झाली, एकही सकाळ चुकली नव्हती. तापाने फणफणलेली असतानाही ती सहाला उठून बसली होती, ओठ मिटून.

ठकी याच तासाला शिकार घेऊन येई. कधी उंदीर, कधी पाल, कधी नुसताच एखादा पंख. गळ्यात घुंगरू बांधून झालं. चौथ्या दिवशी ती घुंगराशिवाय परतली. पहाटे दार बंद ठेवून झालं. तिने दारावर अशी नखं चालवली, की शेजारच्यांनी भिंत ठोकली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "रागावू नका, कौतुकही करू नका. मुकाट्याने उचलायचं." मुकाट्याने उचलणं सुनेला सोपंच होतं. अवघड होतं ते वेळेत उचलणं.

कारण साडेसहाला सासरे उठत. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. गल्लीत अजूनही त्यांना घड्याळजीच म्हणत. आता डोळ्यांपुढे फक्त उजेड आणि अंधार उरला होता. खाटेपासून खिडकीजवळच्या खुर्चीपर्यंत ते अनवाणी चालत. चपला घाला म्हटलं की म्हणत, "पायांनी दिसतं मला. त्यांचेही डोळे झाकू का?" त्या पायांखाली दोनदा ठकीची शिकार आली होती. पहिल्यांदा नुसती किळस वाटली. दुसऱ्यांदा ते घसरले, कोपर दुखावलं आणि हात महिनाभर गळ्यात बांधावा लागला. तेव्हा नवऱ्याने निक्षून सांगितलं होतं, "आणखी एकदा असं झालं, तर मांजर गोदामवाल्याकडे जाईल. त्याला उंदरांसाठी हवंच आहे."

सुनेने मान डोलावली होती, पण मनातून तिला ते नको होतं. ठकी सासूबाईंची. डोळेही न उघडलेलं पिल्लू त्यांनी कापसाच्या वातीने दूध पाजून जगवलं होतं. त्यांच्या मागे घरात त्यांची म्हणून हीच एक हलती-बोलती वस्तू उरली होती.

आत खाट करकरली. घड्याळजी दारात येऊन उभे राहिले, भिंतीवर तळवा टेकून.

"सूनबाई, रस्ता मोकळा आहे का?"

सून वाचनालयाची फाटकी पुस्तकं बांधून द्यायची. कागदाची घडी दाबायची लाकडी पट्टी तिच्या हाताशी असे. मौनाच्या तासात तीच तिची जीभ. टेबलावर एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हे त्या दोघांचं आपोआप ठरलेलं होतं.

तिने एकदा टकटक केलं.

"बरं," म्हणून ते निघाले. सुनेने सरस लावलेला पुस्तकाचा कणा डाव्या हाताने दाबून धरला आणि खाली वाकून दोऱ्याचं टोक शोधू लागली. मान वर केली तेव्हा ठकी उंबऱ्यावर नव्हती. ती खुर्चीपाशी होती. तिच्या पुढ्यात, फरशीवर, करड्या रंगाचं काहीतरी फुगून बसलं होतं आणि हलत होतं.

चिमणीचं पिल्लू. उडायला नुकतंच शिकलेलं.

घड्याळजींना अजून दोन पावलं चालायची होती. सुनेने पट्टी उचलून जोरात आपटली. एक, दोन, तीन.

ते थांबले. उजवा पाय अधांतरी राहिला, बरोबर पिल्लाच्या वर.

"तीन?" ते म्हणाले. "तीन म्हणजे काय?"

तिने पुन्हा तीनदा आपटली. टेबल हादरलं, सरसाची वाटी कलंडली.

"हो का नाही, काहीतरी एक ठरव बाई," ते हसत म्हणाले. "एका पायावर उभं राहायचं माझं वय आहे का?" आणि त्यांनी पाय खाली आणायला सुरुवात केली.

धावून पोचण्याइतका वेळ नव्हता.

"पाय टेकू नका, बाबा."

दिवसातला पहिला शब्द म्हणून तो घोगरा निघाला. घड्याळजी जागच्या जागी थिजले.

"चिमणी आहे. जिवंत आहे."

"कुठं?"

"बोटांच्या खालीच. डावीकडे घ्या. अजून थोडा. हां, टेका आता."

त्यांनी पाय टेकला, भिंत धरली आणि गुडघे मोडत हळूहळू उकिडवे बसले.

"आधी त्या वाघाच्या मावशीला उचल."

सुनेने ठकीला उचलून न्हाणीघरात नेलं आणि दार लावून घेतलं. ती परतली तोवर पिल्लू सासऱ्यांच्या ओंजळीत होतं. ज्या बोटांनी ते एकेकाळी केसाएवढी स्प्रिंग बसवायचे, तीच बोटं आता पंखाखालून फिरत होती, इतकी अलगद की पिल्लू चोच मारायलाही विसरलं होतं.

"हाडं शाबूत आहेत. नुसती भेदरलीय." त्यांनी ओंजळ कानाशी नेली. "बायकांच्या मनगटावरची बारीक घड्याळं असायची बघ. कानाला लावली की अशीच पळायची."

त्यांनी चाचपडत खिडकी उघडली आणि ओंजळ कठड्यावर टेकवली. पिल्लू क्षणभर तसंच बसलं.

"गेली?"

"गेली. समोरच्या गच्चीवर बसलीय."

घड्याळजींनी खिडकीच्या गजांना हात पुसले, खुर्ची शोधली आणि बसले. सून मात्र उभीच होती. भिंतीवरच्या घड्याळात सातला वीस मिनिटं कमी होती. तिने खाली बसून कलंडलेला सरस फडक्याने पुसायला घेतला. फडकं एकाच जागी फिरत राहिलं.

"मोडलं, बाबा."

"काय मोडलं? वाटी?"

"मौन."

घड्याळजी म्हणाले, "जीव वाचवायला मोडलंस. देव काही हिशोबनीस नाही. समजून घेईल."

"देवासाठी नव्हतं ते."

"मग?"

फडकं थांबलं. "आईंसाठी होतं."

ते तिच्या आवाजाच्या दिशेने वळले. ती फरशीकडे बघत बोलू लागली. दोन वर्षांत ती हे कुणाशी बोलली नव्हती, नवऱ्याशीसुद्धा.

"आई गेल्या त्या दिवशी सकाळी मी पानांचे गठ्ठे जुळवत होते. त्या शेजारी बसून बोलत होत्या. तिसऱ्यांदा माझा क्रम चुकला. मी म्हटलं, आई, एक तास तरी तोंड बंद ठेवाल का? त्या उठल्या आणि आत गेल्या. नंतर मी चहा घेऊन आले, तर..." तिने पदराच्या टोकाने नाक पुसलं. "शेवटचा तास. इतकं बोलणारं माणूस, आणि शेवटचा तास मी त्यांना गप्प बसवलं. म्हणून रोज एक तास मी गप्प बसते. दुसरं काय करणार?"

घड्याळजींच्या नाकातून एक बारीकसा आवाज आला. तिने वर पाहिलं. ते हसत होते, आणि त्यांचे डोळे ओले होते.

"तुला कुणी सांगितलं ती गप्प बसली म्हणून?"

ती फडकं घेऊन त्यांच्या खुर्चीजवळ सरकली.

"तुझ्या टेबलापासून उठली ती सरळ माझ्या खाटेवर येऊन बसली. तुला ऐकू जाऊ नये म्हणून माझ्या कानाशी तोंड आणून कुजबुजत होती. तासभर डोकं खाल्लं माझं. मी झोपेचं सोंग घेतलं, तरी सोडलं नाही. मग म्हणाली जरा पडते. तेवढंच काय ते गप्प."

"काय बोलत होत्या?"

"काय नाही ते विचार. दूध नासलं इथपासून सुरुवात. मग पडदे आखूड शिवले ते. मग ठकी. मग तू."

सुनेचा हात फडक्यावर घट्ट मिटला.

"म्हणाली, आज सूनबाई खेकसली माझ्यावर. चार वर्षं पाहुणीसारखी वागत होती, आत्ता कुठं घरातली झाली. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं तिला. भलती खूष होती."

"रागावल्या नव्हत्या?"

"रागावली असती तर खरंच गप्प बसली असती. तिचा राग मी भोगलाय."

बाहेर दूधवाल्याची सायकल वाजत गेली. बंद दाराआड ठकी एकसुरी ओरडत होती. दोघांनाही तिकडे लक्ष द्यायचं सुचलं नाही.

"मग इतके दिवस सांगितलं का नाहीत?" सुनेने विचारलं. त्यात तक्रार नव्हती.

"तू तरी कधी विचारलंस? मला वाटलं, तुझं काही व्रत असेल. तुझ्या आणि देवाच्या मध्ये मी कशाला तोंड घालू?" त्यांनी खुर्चीच्या हातावरून अंगठा फिरवला. "सकाळी ही खोली इतकी शांत असायची. बंद पडलेल्या घड्याळात बसल्यासारखं व्हायचं. पण म्हटलं, पोरीची श्रद्धा आहे."

आठ वाजता मुलगा रात्रपाळीवरून आला. खिडकी सताड उघडी, फरशी ओली आणि मांजर आत कोंडलेलं पाहून तो दारातच थबकला.

"काय झालं? बाबा पडले का?"

"कुणी पडलं नाही," घड्याळजी म्हणाले. "आणि त्या गोदामवाल्याला सांगून टाक, मांजर इथं नोकरीला आहे. जागा रिकामी नाही."

मुलाने बायकोकडे पाहिलं. ती चहाचं आधण ठेवत होती.

"काय म्हणतात हे?"

"बरोबर म्हणतात," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सहाला सून नेहमीसारखी उठली. अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला, हात जोडले आणि टेबलाशी येऊन बसली. तिने सुईत दोरा ओवला. साडेसहाला खाट करकरली, तळवा भिंतीवरून सरकत दारापर्यंत आला.

घड्याळजी उभे राहिले. आज रस्त्याचं विचारावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

"पाल आहे," सून म्हणाली. "शेपटीशिवाय."

"आणि शेपटी?"

"तीच शोधतेय. तुम्ही तिथंच थांबा, आणि तोवर काहीतरी बोला."