एकच रिंग

साठाव्या वर्षी माणूस गुडघ्यांना तेल लावतो. आमच्या ह्यांनी सायकलच्या चेनला लावलं, तेही माझ्या खोबरेल तेलाच्या बाटलीतलं, आणि हॉलच्या मधोमध सायकल उलटी घालून चाक गरगर फिरवत बसले. इकडे मी अठरा वर्षांचा संसार कार्टनात भरतेय आणि तिकडे हा माणूस चाकाकडे असा बघतोय, जसा काही त्यात सिनेमा लागलाय.

"अहो, ती कढई तेवढी कागदात गुंडाळा."

"थांब जरा. मागचं चाक किंचित हलतंय."

"हलू दे. पंधरा दिवसांनी ते तुमच्या बुडाखाली नसणारच आहे."

ह्यांची साठी झाली आणि कंपनीने व्हिसा कॅन्सल केला. आता महिन्याभरात देश सोडायचा. माझा व्हिसा ह्यांच्या व्हिशावर, त्यामुळे मलाही निघणं भाग. शारजात रोल्याच्या गल्लीत मी मसाल्याचा धंदा उभा केला, एका लहान चक्कीवर. तो सुनेच्या, नीलिमाच्या हातात देऊन कोकणात लांज्याला परत. मुलगा कुणाल, नीलिमा आणि नात इरा इथेच राहणार. चौथी शिकलेल्या बाईने दोन डिलिव्हरी व्हॅन उभ्या केल्या, हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते.

आणि त्या घरचा कर्ता पुरुष सायकलवर. इथे सायकल कोण चालवतं? पेपर टाकणारे, रस्ते झाडणारे आणि आमचे सदानंदराव. ड्रायव्हिंग टेस्टला सात वेळा बसले, सातही वेळा नापास. इथला पोलीस शेजारी बसला की ह्यांचा पाय ब्रेकवरून उठायचा नाही. मग तो नाद सोडला आणि मुश्ताककडून ही काळी चिनी सायकल घेतली. मुश्ताक म्हणजे खालच्या गल्लीतला सायकलवाला. हमरिया फ्री झोनमध्ये कंपनीच्या स्टोअरला, म्हणजे गोदामात, जायचे, तर थंडीचे चार महिने कंपनीची बस सोडून सायकलवर. शेजारणी मला विचारायच्या, "भाऊसाहेबांना बस नाही का हो?" मी म्हणायची, "डॉक्टरने सांगितलंय." सतरा वर्षं तो डॉक्टर मी जिवंत ठेवला.

"ही कार्गोत जाणार नाही," मी सायकलकडे बोट केलं. "किलोला पाच दिरहम. म्हणजे पासष्ट रुपये. तेवढ्यात माझी चक्की जाईल. ही मुश्ताकला देऊन टाका."

"देतो," हे म्हणाले. चाक थांबवलं. "त्याआधी फुजैरापासून रुवैसपर्यंत जाऊन येतो."

खाली जाऊन खुबूस रोटी घेऊन येतो म्हणावं, तसं म्हणाले. फुजैरा पूर्वेच्या समुद्रावर. रुवैस पार पश्चिमेला, तेलाच्या कारखान्यांचं गाव. मध्ये डोंगर, वाळू आणि पाचशे किलोमीटर.

"एकटे?"

"एकटाच."

"कशाला?"

ह्यांनी हात पुसले. पुसायला माझी चादर घेतली, ते वेगळंच. "सव्वीस वर्षं माल पाठवला ना. गेट पास मी लिहायचो. फुजैराला पाइप, रुवैसला व्हॉल्व्ह. सगळं गेलं. मी कधी गेलो नाही."

"मग तुम्ही काय व्हॉल्व्ह आहात?"

कुणाल म्हणाला, "बाबा, फ्रायडेला मी नेतो ना व्हॅनने. सकाळी फुजैरा, संध्याकाळी रुवैस. खलास."

"व्हॅनमध्ये मला झोप लागते."

"बट आजी, लेट हिम गो," इरा म्हणाली. "इट्स हिज लाइफ."

"लाइफ त्यांची आणि गुडघे दाबायचे मी," मी म्हणाले. पण ह्यांचं ठरलं होतं. हा माणूस भांडत नाही, तीच तर अडचण. भांडणाऱ्याला हरवता येतं.

मोबाइल मात्र घेईनात. कुणालने स्वतःचा पुढे केला, तर म्हणाले, "नको रे. तुझी आई दर तासाला बोलेल." मग आमचं जुनंच ठरलं, रिंगांचं. हे पहिल्यांदा इथे आले तेव्हा लांज्यात फोन फक्त बाजारातल्या वाण्याकडे होता. फोन उचलला की पैसे पडायचे. म्हणून उचलायचाच नाही, नुसतं मोजायचं. एक रिंग वाजून थांबली की ठीक आहे. तीन वाजल्या की काहीतरी अडलंय. वाणी मुलाला पाठवून मला निरोप द्यायचा, "काकू, एक वाजली." त्या एका रिंगेवर मी आठ वर्षं काढली. आता फोन कार्ड स्वस्त झालं, तरी आमच्या घरात तोच कायदा. रोज संध्याकाळी एक रिंग म्हणजे ठीक. तीन म्हणजे न्यायला या.

कुणालने त्यांना फुजैराला सोडलं. परत येऊन म्हणाला, "समुद्रात पुढचं चाक बुडवलं आणि निघाले. मागे वळून पण बघितलं नाही."

पहिल्या संध्याकाळी एक रिंग आली, डोंगर उतरल्यावरच्या धैदहून. मी फोनजवळ हात मांडीखाली घालून बसले होते, चुकून उचलला जाऊ नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वतःच आले. रस्ता आमच्या घरावरूनच जातो. कपाळाची साल निघालेली, तळहाताला फोड, पॅन्ट गुडघ्यावर फाटलेली. मसाफीच्या उतारावर पडले होते. पोलिसाची गाडी थांबली, पोलिसाने पाण्याच्या दोन बाटल्या दिल्या आणि म्हणाला, हाजी, यल्ला, चल, रस्त्याच्या कडेने चालव. हे सांगताना हसत होते. मी मुगाची खिचडी टाकली, वर तूप घातलं. म्हटलं झालं, हौस फिटली. जेवून हे पालथे पडले ते संध्याकाळीच उठले, आणि उठल्या उठल्या विचारलं, "उद्याला दशम्या होतील का गं थोड्या?"

मी परात आदळली. पण दशम्या केल्या. दुधात भिजवून केल्या, चार दिवस टिकतील अशा.

तिसऱ्या दिवशी एक रिंग. चौथ्या दिवशी एक, अबुधाबीच्या बाहेरून, मुसफ्फाहून. तिथे वली नावाच्या पठाण ड्रायव्हरच्या कॅम्पात झोपायची सोय होती. वलीची लॉरी पंधरा वर्षं ह्यांच्याच स्टोअरमधून माल भरायची. पाचव्या दिवशी एक रिंग, पण वाजली ती अंधार पडल्यावर. तोपर्यंत मी गॅलरीत इतक्या चकरा मारल्या की खालचा मल्याळी वर येऊन विचारून गेला, काही शिफ्टिंग चाललंय का.

सहाव्या दिवशी सकाळी नीलिमा म्हणाली, "आई, आमचा मिर्फाचा कस्टमर सांगत होता, तिकडे धूळ उठलीय. समोरचा ट्रक दिसत नाही म्हणे."

झालं. मिर्फा रुवैसच्या अलीकडे, ह्यांच्या वाटेवरच. माझं चित्त उडालं. तिखट कांडायला बसले, उठले. कार्टनं उघडली, परत बांधली. कढई सापडेना, ती मीच भरली होती. इरा कॉम्प्युटर लावून बसली, म्हणजे फोनची लाइन बंद. मी वायरच ओढली.

"आजी! आय वॉज चॅटिंग!"

"चॅटिंग संध्याकाळी कर. तुझे आजोबा वाळूत आहेत."

"ही कॉल्स इन द ईव्हनिंग, आजी. इट्स ओन्ली इलेव्हन."

आणि अकराच वाजले होते तेव्हा फोन वाजला.

अवेळी. संध्याकाळची रिंग सकाळी अकराला. माझा हात माझ्याआधी गेला. पहिल्याच रिंगेला मी फोन उचलला आणि कानाला लावला. "हॅलो? अहो? हॅलो?"

पलीकडे नुसता वारा. एक लॉरी गेली. कुणीतरी श्वास घेतला, तो श्वास मी पस्तीस वर्षं ओळखते. मग टूं टूं. कार्ड संपलं असणार.

मी फोन हातात धरून उभी. एक रिंग होणार होती का तीन? ते आता कुणाला माहीत? वाण्याच्या फोनवर आठ वर्षं जे पथ्य आम्ही पाळलं, ते माझ्याच हाताने, माझ्याच घरात मोडलं.

इराने जाऊन सांगितलं तसा दुकानातून कुणाल आला. "आई, काय केलंस तू हे?"

"मला शिकवू नकोस. व्हॅन काढ."

"अगं, कदाचित एकच देणार असतील. आपण गेलो तर त्यांना वाईट वाटेल. शेवटच्या दिवशी न्यायला आलो म्हणून."

"आणि तीन देणार असतील तर?"

त्याने किल्ली घेतली.

मसाल्याची व्हॅन. मागे धणे, हळद, लवंगांची पोती, पुढे आम्ही दोघं. दुबई गेली, अबुधाबी मागे पडली, मग झाडंही संपली. अठरा वर्षांत मी अबुधाबीच्या पुढे गेले नव्हते. दोन्ही बाजूंना फिकट वाळू आणि वाऱ्याने रस्त्यावर सरपटत येणारी, सापासारखी. लॉरी शेजारून गेली की अख्खी व्हॅन हलायची. मी मनात म्हणत होते, ह्या वाऱ्यात तो काटकुळा माणूस, छातीवर वारा घेत. मागून वारा असता तरी एक वेळ. हा तर पश्चिमेचा वारा, पुढून.

"किती राहिलं?" मी दर पाच मिनिटांनी विचारत होते.

"आई, मोबाइल न घेण्याचं कारण आता मला कळलं," कुणाल म्हणाला.

चार वाजता मिर्फाच्या पेट्रोल पंपावर थांबलो. तिथल्या कॅफेटेरियात रफिक नावाचा केरळचा माणूस चहा ओतत होता. कुणालने विचारलं, सायकलवाला बुढ्ढा आदमी?

"चाचा? हां, इधर बैठा था. घुटना सूजा था उसका. बोला घरवालों को बुलाता हूँ. फोन किया, कट गया." रफिकने माझ्याकडे बघितलं. "मैंने बोला, मेरा मोबाइल लो. बोला नहीं, हो गया. दो चाय पिया, साढ़े ग्यारह को निकल गया."

"किधर?"

त्याने पश्चिमेकडे हनुवटी केली.

म्हणजे तीनच होत्या. आणि ह्यांनी पुन्हा लावला नाही. मी व्हॅनमध्ये येऊन बसले. कुणालने व्हॅन सुरू केली. मला बोलायला तोंड होतं कुठे.

रुवैस बारा किलोमीटर असं पाटीवर लिहिलं होतं, कुणालने वाचून दाखवलं. त्या पाटीपुढे थोड्याच अंतरावर ते दिसले. सायकलवर नव्हते. सायकल हाताने ढकलत चालले होते, उजवा पाय ओढत. डोक्याला माझी जुनी ओढणी गुंडाळलेली. ती मी सहा दिवस शोधत होते.

कुणालने व्हॅन पुढे नेऊन थांबवली, उतरून मागचं दार उघडलं. लवंगांचा वास सगळ्या रस्त्यावर पसरला. हे आले, थांबले. व्हॅनच्या उघड्या दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोंड वाळूने पांढरं, त्यात नुसते डोळे.

"तीन द्यायच्या होत्या ना?" मी खिडकीतून मान काढून विचारलं.

"हो."

"मग परत का नाही लावलात? त्याचा मोबाइल होता की."

हे सायकलच्या दांड्याला टेकले. "एकच वाजली," म्हणाले. "एक म्हणजे ठीक. मग म्हटलं, ठीकच असेन."

आयुष्यभर स्टोअर सांभाळलेला माणूस. रजिस्टरात जे चढलं ते खरं.

"बाबा, चढा," कुणाल म्हणाला. "बाराच किलोमीटर राहिलेत, कुणी बघत नाहीये. तिथे जाऊन उतरा."

 ह्यांनी दाराकडे एक पाऊल टाकलं. खरंच टाकलं, मी बघितलं. खांदे असे खाली गेले, सातव्यांदा टेस्टवरून आले होते तेव्हा गेले होते तसे. ह्या माणसाने कधी काही मागितलं नाही माझ्याकडे. मागितल्या त्या दशम्या.

मी उतरले आणि व्हॅनचं मागचं दार लावलं.

"कुणाल, मागून ये. लाइट लावून. लॉरीला कळू दे पुढे माणूस आहे."

"आई, त्यांचा गुडघा..."

"गुडघा मला माहितीय. रात्री दाबणार मीच आहे."

त्यांनी पॅडल मारली, उतरले, चालले, परत बसले. बारा किलोमीटरला दीड तास लागला. आम्ही मागून पिवळे दिवे लुकलुकवत, मसाल्याचा वास पसरत. सूर्य समोरच होता, तांबडा, धुळीत विस्कटलेला. त्या गोळ्यात त्यांची पाठ कधी दिसायची, कधी नाही. दिसली नाही की माझा हात दाराच्या कडीवर जायचा.

आणि पोचून काय, तर एक कुंपण. लांबच लांब तारेचं कुंपण, आत पाइपांचं जंगल, मोठमोठ्या टाक्या. गेटवर नेपाळी वॉचमन. त्याने हात आडवा केला.

"गेट पास?"

"नहीं है," हे म्हणाले.

"तो अंदर नहीं जा सकते, अंकल."

"मालूम है." ह्यांनी मान हलवली, जसं काही त्यांनीच तो नियम लिहिला होता. "बरोबर है. बिना पास के किसी को मत छोड़ना."

मग सायकल कुंपणाला टेकवली आणि तारेत बोटं अडकवून आत बघत राहिले. तिथे जवळच पाइपांवर तांबडे गोल व्हॉल्व्ह होते, उन्हाने रंग उडालेले. ह्यांचे ओठ हलत होते. मोजत असावेत. वॉचमनने खुर्ची आणून दिली, ती त्यांनी घेतली नाही. मी जवळ जाऊन उभी राहिले. मला त्यात काही दिसलं नाही, नुसतं लोखंड.

"झालं बघून?" थोड्या वेळाने मी विचारलं.

"झालं."

"पाचशे किलोमीटर आलात, गुडघा घालवलात, माझी ओढणी नासवलीत आणि बघितलं काय, तर कुंपण. तुमच्यासारखा बिनडोक माणूस ह्या वाळवंटात दुसरा नसेल." त्यांच्या डोक्यावरची ओढणी सोडून मी त्यांचं तोंड पुसलं. "उद्या मुश्ताककडे जा आणि ही सायकल नीट खोलून घ्या, एका कार्टनात मावेल अशी. चक्की राहू दे नीलिमाकडे."