कलमी

“बटण कावून दाबलं?” फरजानानं विचारलं.

सत्यमचा चहाचा कप हातातच राहिला. कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला होता. “अपडेट आलं होतं, ताई. म्हटलं, तुम्ही चहा आणेपर्यंत होऊन जाईल.”

“चिठ्ठी लावली हाय की तिथं.”

पडद्याच्या कडेला चिठ्ठी होती. ‘अपडेट करू नये’ असं ठळक अक्षरात लिहिलेलंही होतं, पण उर्दूत. या घरात कॉम्प्युटरला हात लावणारी माणसं दोनच, फरजाना आणि तिचे अब्बा, आणि दोघंही उर्दू शाळेत शिकलेले. पुण्याच्या स्टुडिओचा माणूस खुर्चीत येऊन बसेल, हे चिठ्ठी लिहिताना कुणाच्या डोक्यात असणार?

सत्यम मूळचा बीडजवळच्या लिंबागणेशचा. पुण्यात सहा वर्षं काढून त्याच्या ‘हाय’चं ‘आहे’ झालं होतं, आणि बटणं दाबायची घाई वाढली होती. ऊसतोडणीच्या बायकांवर त्याच्या स्टुडिओनं फिल्म करायला घेतली होती. तिच्या संकलनाचं वर्षभराचं काम फरजानाला द्यायचं का, ते बघायला तो बीडला आला होता. फरजानाला हे काम मनापासून हवं होतं. अकरा वर्षं तिनं लग्नांच्या व्हिडिओत लोकांची नावं फुलांच्या चौकटीत बसवली होती. एकदा स्वतःचं नाव पडद्यावर यावं, एवढीच तिची हौस होती.

“ताई, हे मशीन सफरचंदवाल्या कंपनीचं नाही ना?” सत्यमनं टेबलाखाली वाकून पाहिलं.

“न्हाई. बंद पडलेल्या सायबर कॅफेतला डबा हाय. सिस्टीम तेवढी त्यांची.”

तिनं कपाटातून पेनड्राइव्ह काढला आणि कामाला लागली. ती सिस्टीम त्या कंपनीच्याच यंत्रावर चालवावी, अशी कंपनीची अट. फरजानानं चार महिने खपून ती या डब्यावर उभी केली होती. अपडेट झालं की ती मान टाकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं जुळवावं लागायचं.

तासाभरानं तिचे अब्बा, दिलावरमियाँ, फळांचा गाडा लावून जेवायला आले. पडद्यावरच्या पांढऱ्या ओळी बघून हसले. “रुसली का कलमी?”

“कलमी म्हणजे?” सत्यमनं विचारलं.

“पाली गावात आमी सीताफळाला कलम बांधायचो. मूळ गावठी, वरची डहाळी भारी जातीची. इतकी वर्षं फळं विकतोय, बाबा, गिऱ्हाईक गोडी विचारतं. मूळ कुणी विचारलं न्हाई.”

पडदा उजळला. फरजानानं नमुना म्हणून जोडलेली फिल्मची चार मिनिटं लावली. फडात कोयता थांबवून एक बाई पाणी पीत होती, आणि फरजानानं तो घोट पुरा होऊ दिला होता. सत्यमनं तोच तुकडा पुन्हा लावून पाहिला.

मग त्यानं बॅगेतून फॉर्म काढला. “काम तुमचंच. फक्त मशीनच्या रकान्यात ‘कंपनीचं ओरिजनल’ लिहा. कोण बघायला येतंय?”

“तुमी आलात की.”

“ताई, खरं लिहिलं तर साहेब काम देणार नाहीत. कंपनीच्या अटीत बसत नाही.”

“ती अट मी वाचली हाय. सगळी, इंग्रजीतली. तुमी वाचली?”

सत्यमनं फॉर्म तिच्यापुढं सरकवला.

“वाचून मोडली, ती मीच. मग आता लपवू कावून?” तिनं हात पुढं केला. “कलम द्या.”

सत्यमनं डब्याकडे पाहिलं. ती पेन मागते आहे, हे त्याच्या उशिरा लक्षात आलं. त्यानं खिशातलं पेन काढून दिलं.

मशीनच्या रकान्यात तिनं सावकाश लिहिलं: ‘कलमी. बांधणारी फरजाना दिलावर शेख, बीड.’ कागद त्याच्या हातात दिला.

पेन मात्र लगेच परत केलं नाही. पडद्याच्या कडेला लावलेल्या चिठ्ठीत उर्दू ओळीखाली जागा होती. तिथं तिनं मराठीत लिहिलं, ‘अपडेट करू नये’, आणि मग त्याचं पेन त्याला दिलं.