फणसाचा चीक आणि जावईबापूंची मोटार

काळूरामला मोटार चालवता येत होती हे खरं. पण मोटारीतलं सगळंच आपल्याला कळतं, हा समज त्याचा त्यानेच करून घेतलेला होता. छप्पन सालच्या आसपास बोर्ली पंचतनात मोटारी मोजून तीन. त्यातली लांब नाकाची काळी मोटार जलीलशेठची, आणि तिचा ड्रायव्हर काळूराम. पोरं धुरळ्यात मागे धावली की त्याला वाटे, ती आपल्याच मागे धावताहेत.

वैशाखात जलीलशेठच्या मुलीचा, फिरोजाचा, निकाह ठरला. नवरामुलगा मुरुडहून मचव्याने दिघी बंदरात उतरणार आणि चार वाजता काळूरामने त्याला घेऊन यायचं. सकाळीच मोटार धुऊन पुसून झाली, मोगऱ्याच्या माळा बांधून झाल्या. मग त्याच्या मनात आलं, अशी नटलेली मोटार सासुरवाडीला दाखवली नाही तर ड्रायव्हर होऊन मिळवलं काय? सासुरवाडी दिघीच्या वाटेवरच होती. म्हणजे अगदी वाटेवर नव्हे, मैलभर आत. पण हा मैल त्याने स्वतःच्याही हिशेबात धरला नाही.

जावई मोटारीतून आला म्हटल्यावर सासू मनुबाईने आपल्या लेकाला, मोरूला, फणसावर चढवलं. "कापा फणस हाय, जावईबापू. गरे खाल्ल्याबिगर जायचं न्हाय."

मोटार त्याच फणसाच्या सावलीत काळूरामने स्वतःच्या हाताने उभी केली होती. मोरूने कोयतीने दोन फणस तोडून दोराने खाली सोडले. फणस नीट उतरले, पण तुटल्या देठांचा चीक टपटप मोटारीच्या पुढच्या काचेवर गळत राहिला. जावईबापू तेव्हा ओटीवर बसून गिअर म्हणजे काय ते शेजाऱ्यांना समजावत होते.

जेवण झालं, गरे झाले. दोनच्या सुमाराला काळूराम उठून बाहेर आला आणि जागीच थबकला. सावली केव्हाच सरकली होती. उन्हाने चीक काचेवर असा भाजून काढला होता, की ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरच तपकिरी टिकल्यांची रांग बसली होती.

"लई चिकाट असतो तो," मोरू म्हणाला.

"मोटारीचं मला सांगू नको," काळूराम म्हणाला.

त्याने आधी नखाने खरवडलं. नख तुटलं. मग ओला रुमाल घासला. चीक निघाला नाही, रुमाल मात्र चिकटला. मग त्याने अंगणातली मूठभर वाळू उचलली. भांडी वाळूने स्वच्छ निघतात, मग काच का निघू नये? त्याने जोर लावला. कर्रकन आवाज आला. हात काढून बघतो तर काचेवर चंद्रकोरीसारखा पांढरा ओरखडा, आणि चीक आपल्या जागी.

काळूरामला दरदरून घाम फुटला. त्याने विहिरीच्या गार पाण्याची बादली उचलली आणि तो ती काचेवर ओतणार, तोच मनुबाई ओटीवरून ओरडली, "थांबा, थांबा! तापल्या काचंवर गार पानी? तडकंल की! कंदिलाची काच कधी हातात धरली न्हाय वाटतं?"

त्याने बादली खाली ठेवली. खरंच धरली नव्हती. जन्मभर तो कंदिलाच्या उजेडात जेवला, पण ती काच रोज कोण पुसतं, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती आपोआप स्वच्छ होते, असंच जणू तो धरून चालला होता.

मनुबाईने मोटार सावलीत ढकलून घ्यायला लावली. काच निवाली तेव्हा तिने खोबरेल तेलात फडकं बुडवून एकेका टिकलीवर थापलं. "आता हात लावायचा न्हाय. चीक आपसूक सुटतो."

हात न लावता बसणं हे काळूरामने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. पाव तासाने मनुबाईने जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने हलकेच पुसलं आणि चिकाच्या वळ्या होऊन गळू लागल्या. एक टिकली हटेना. काळूराम कोयतीकडे वळला. मनुबाईने नुसतं त्याच्याकडे बघितलं. तो परत येऊन उभा राहिला. पुन्हा तेल, पुन्हा थांबणं, आणि तीही सुटली. शेवटी कोमट रिठ्याच्या पाण्याने तेलकटपणा काढून तिने काच कोरडी केली. ओरखडा मात्र राहिला.

"त्याला माझ्याकडं औषध न्हाय," ती म्हणाली.

काळूराम वेळेत दिघीला पोचला. नवऱ्यामुलाला घेऊन परत येताना त्याने सगळी वाट एक गोष्ट रचली: बैलगाडीच्या चाकाखालून दगड उडाला आणि काचेला लागला. जलीलशेठ दारातच उभे होते. जावयाला उतरवून घेतल्यावर त्यांची नजर काचेवर गेली.

"हे काय, काळूराम?"

"शेठ, वाटेत एक बैल होता..."

"बैलाने काच घासली?"

रचलेली सगळी गोष्ट काळूरामने तिथेच सोडून दिली. "व्हय, शेठ," तो म्हणाला, "तो बैल मीच."

मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. वाळूचं ऐकून जलीलशेठनी कपाळावर हात मारला. हकीकत बादलीपर्यंत आली तेव्हा मात्र त्यांना हसू आवरेना. "या अल्ला! उद्याच्या जेवणाला तुझ्या सासूला याच मोटारीतून घेऊन ये," ते म्हणाले. "आणि नवी काच मुंबईहून येईपर्यंत जो कोणी विचारील, त्याला ही हकीकत तूच सांगायची."

दुसऱ्या दिवशी जेवणावळीत मुरुडच्या पाहुण्यांनी विचारलंच. पहिल्यांदा सांगताना काळूराम लाजला. दुसऱ्यांदा त्याला लोकांचं हसणं थोडं आवडलं. तिसऱ्यांदा सांगताना त्याने वाळूच्या एका मुठीच्या दोन मुठी केल्या.